सतरा नंबरचं गाव

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे. फॅक्टरीचा भोंगा होता ना. पावणेआठचा भोंगा झाला की आई तव्यावरची शेवटची भाकरी उलटायची, आठचा झाला की अप्पा गेटमधून आत गेलेले असायचे, आणि साडेचारचा झाला की आमच्या चाळीस क्वार्टरांमधल्या चाळीस स्टोव्हांवर एकदम चहाचं आधण चढायचं. फॅक्टरी पंख्यांची होती. सिकंदराबादच्या पलीकडे, तेव्हा जिथे बाभळी आणि मुरूम याशिवाय काही नव्हतं, तिथे. अप्पा वाइंडिंग खात्यात होते, म्हणजे पंख्याच्या मोटरीत तांब्याची तार गुंडाळायचे. त्यांच्या बोटांना तांब्याचा वास यायचा आणि लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांच्या बोटांना तो येतो. आमचं क्वार्टर सोळा नंबरचं. भिंतीला भिंत लागून सतरा नंबरात रामसेवक चाचा, चाची आणि त्यांची मुन्नी. चाचा बिहारकडचे, भट्टीवर होते. मधली भिंत इतकी पातळ की चाचींनी कढईत मिरची टाकली की आम्ही खोकायचो, आणि आई इकडून ओरडायची, "चाची, खिडकी उघडा की जी!" ती मराठी की हिंदी, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. आमच्या घरात भाकरीसोबत खट्टी दाल असायची, अंबाडीला कुणी अंबाडी म्हणायचं तर कुणी गोंगुरा, आणि मी रोज दोन बस बदलून जामबागच्या मराठी शाळेत जायचे, तिथे "हो"ऐवजी "हौ" म्हटलं की बाई छडी उगारायच्या.

एके दिवशी भोंगा वाजला नाही. गेटला कुलूप होतं आणि कुलपाखाली एक नोटीस. पहिले पंधरा दिवस, खरं सांगते, काय मजा आली! गल्लीभर बाप. दिवसाढवळ्या, बनियनवर, कॅरम खेळणारे, पतंगाला मांजा लावून देणारे, पोरींच्या वेण्या घालून बघणारे. रामसेवक चाचांनी आम्हाला अंगणात खड्डा करून सातू भरलेली लिट्टी भाजायला शिकवली आणि अप्पांनी घरातला एकुलता एक पंखा उघडून त्याची तार सोडून पुन्हा गुंडाळून दाखवली. तो पंखा मग आधीपेक्षा जोरात फिरू लागला आणि आईच्या पोळपाटावरचं पीठ उडून सगळ्या घरावर बसलं. आम्ही हसून हसून लोळलो. पण पंधराचे पन्नास दिवस झाले तशी कॅरमची पावडर संपली, आणि ती आणायची कुणाला आठवण राहिली नाही.

एक गोष्ट मात्र आईनं सोडली नव्हती. ती रोज अप्पांचा डबा भरायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. वरण रोज थोडं अधिक पातळ, भाजी रोज थोडी अधिक तीच, पण डबा तीन कप्प्यांचा आणि वर क्लिप लावलेला. अप्पा तो घेऊन पायरीवर बसत आणि बरोबर साडेबाराला उघडत. घरात ताट वाढलं असतं तर ते जेवले नसते, हे आई जाणून होती. शेजारच्या पायरीवर चाचाही बसलेले असत, मांडीवर सातूचा गोळा आणि कांदा घेऊन, आणि दोघं एकमेकांना "क्या चल रहा है?" असं अगदी खात्याच्या दारात विचारावं तसं विचारत.

फॅक्टरी का बंद पडली हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं. वर्षभर नवी तार आली नव्हती, जुन्याच तारेचे तुकडे जोडून ते मोटरी भरत होते. मालकांना पंख्यांत रस उरला नव्हता, जमिनीत होता, आणि बाजारात स्वस्त पंखे आले होते. हे सगळं त्यांनी मला एकेका बोटावर एकेक कारण मोजत समजावून सांगितलं होतं. पण हे कळून करायचं काय? खरं कारण कळलेल्या माणसाला सकाळी आठ वाजता जायला कुठेच जागा नसते.

ती जागा यादगिरी अण्णांनी दिली. यादगिरी अण्णा म्हणजे फॅक्टरीच्या कँटीनचे सुपरवायझर, हातानं सढळ आणि आवाजानं त्याहून सढळ. ते एका नव्या पक्षात गेले होते. पक्षाचं नाव मी लिहीत नाही, आमच्या गल्लीत त्यांना सगळे शिट्टीवाले म्हणत, कारण सभासद झालं की विटकरी रंगाचा रुमाल आणि एक पितळी शिट्टी मिळायची. अण्णांनी काय शक्कल लढवली बघा. बंद फॅक्टरीच्या सायकल स्टँडवर ते सकाळी बरोबर आठ वाजता उभे राहिले आणि त्यांनी शिट्टी मारली. लांबलचक, थेट भोंग्यासारखी. मी शपथेवर सांगते, आईनं पावणेआठचा भोंगा समजून तव्यावरची भाकरी उलटली! सगळ्या गल्लीतली दारं उघडली. अण्णांनी वहीतून एकेकाचं नाव वाचलं, "जाधव साब!" आणि माझे अप्पा, जे तीन महिन्यांत मोठ्यानं एक शब्द बोलले नव्हते, छाती पुढे काढून म्हणाले, "हाजिर!"

मग रोजच. आठला शिट्टी, हजेरी, उस्मानिया बिस्कीट आणि चहा, मग कवायत, मग ढोल. अप्पा शर्टाला इस्त्री करू लागले. विहिरीत पडल्यासारखे झाले होते ते वर आले, दाढी करू लागले, आईची थट्टा करू लागले. अण्णांचं भाषण दहा मिनिटांचं आणि त्यात एकच गोष्ट. "फॅक्टरी कायकू बंद हुई? बाहरवालों की वजह से! बाहरवाले गए तो गेट खुलेगा. हौ की नै?" आणि सगळे शिट्ट्या मारत. बाहेरवाले म्हणजे कोण, हे अण्णांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. प्रत्येकाच्या डोळ्यासमोर कुणीतरी दुसराच असायचा. आमच्या अप्पांना तरी कुठे शंका होती? पणजोबा निजामाच्या काळात या शहरात आले, अप्पांचा जन्म इथला, आईचा इथला, माझा तर कोठीच्या दवाखान्यातला. आमच्याहून हैदराबादी कोण? चाचा मात्र हजेरीला जात नसत. "घुटना दुखता है," म्हणायचे आणि पायरीवर बसून अप्पांकडे हात हलवायचे.

आता माझा भाचा येतो ना घरी, काचेच्या इमारतीतली त्याची नोकरी मागच्या वर्षी एका ईमेलनं गेली, (आणि ती इमारत, गंमत म्हणजे, आमच्या फॅक्टरीच्याच जागेवर आहे,) तो हल्ली फार उत्साहात असतो. कुठल्यातरी गटाच्या सभांना जातो. मोबाइल दिवसभर टुणटुणतो. "मावशी, काय एनर्जी असते तिथं, तुला नाही कळणार." मला नाही कळणार! मी त्याला पोहे वाढते आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघते. नुकतीच दाढी केलेली असते.

तर मी. मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते आणि माझं अक्षर गल्लीत प्रसिद्ध होतं. अण्णांनी एक दिवस मला बोलावलं, एक जाडजूड रजिस्टर दिलं, आणि माझ्या गळ्यात शिट्टी घातली. पोरींमध्ये पहिली शिट्टी माझी! काम सोपं होतं. चाळीस क्वार्टरांत जायचं, घरमालकाचं नाव, माणसं किती, आणि असली गाव कोणतं, एवढं लिहायचं. "जो बोलेंगे वैसाच लिखना बिड्डा, शाई से. रजिस्टर बराबर बना तो रैली में जीप पे तू बैठेगी. माइक के बाजू में." जीपवर! मी त्या दिवशी घरी चालत आले नाही, उडत आले. आयुष्यात मी पुढे बऱ्याच गोष्टी केल्या, लग्न केलं, नोकरी केली, एकदा विमानातही बसले, पण त्या उन्हाळ्याइतकी मी कधीच खूश नव्हते. यातलं एक अक्षर मी आज खोडणार नाही.

दोन दिवस मी शिट्टी मिरवत दारोदार फिरले. प्रत्येक घरी काहीतरी हातावर पडायचं, मुरुक्कू, गुळाचा खडा, कैरीची फोड. तेलुगू घरांतून नलगोंडा, मेदक, वरंगल अशी गावं आली. आमच्या लोकांची अकरा घरं होती. तिथे नुसतं गाव विचारलं की माणसं खुलायची. "लिव्ह, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा नांदेड." "आमचं लातूरकडलं, नदीच्या अल्याडचं, पल्याडचं न्हाई." देशमुख काकूंनी तर गावच्या मारुतीच्या शेंदराचा रंगसुद्धा सांगितला आणि त्या गावाला त्या जन्मात गेल्या नव्हत्या. आपल्या माणसाला गाव विचारलं की तो राहतो ते सांगत नाही, देव जिथे बसलेत ते सांगतो. तीन पिढ्या एका शहरात काढल्या तरी ते शहर त्याचं गाव होत नाही, गाव ते गावच.

अप्पा तर वाटच बघत होते. मी रजिस्टर उघडलं आणि ते ताठ बसले. "लिही. पिंपळगाव. जिल्हा परभणी." मी लिहिलं. "खंडोबाचं, असं पण लिही, पिंपळगावं पुष्कळ आहेत." मी तेही लिहिलं. आई आतून म्हणाली, "कधी गेलात हो शेवटचे?" अप्पा म्हणाले, "जावळाला." जावळ त्यांचं स्वतःचं.

मग मी सतरा नंबरात गेले. चाचींनी गरम सातूचा पराठा पुढे केला, मुन्नी माझी शिट्टी वाजवून बघत होती आणि तिच्यातून नुसती थुंकी येत होती म्हणून आम्ही दोघी खिदळत होतो. मी तोंडात घास ठेवूनच विचारलं, "चाचा, असली गाँव?"

चाचा गुडघा चोळत म्हणाले, "यहीं."

"यहीं म्हणजे? गाँव सांगा ना. तुमचं छपरा आहे ना?"

"उहाँ तो बाप रहता था बिटिया, मर गया. हमको रोटी यहाँ मिली, ब्याह के यहीं आए, बच्ची यहीं हुई. हमारा गाँव यही है. क्वार्टर नंबर सत्रह. लिखो."

जो बोलेंगे वैसाच लिखना. मी शाईनं लिहिलं, "यहीं." पराठा संपवला, हात मुन्नीच्या ओढणीला पुसले आणि घरी आले. पण रजिस्टर पूर्ण झाल्यावर ते पुन्हा चाळताना तेवढं एक "यहीं" डोळ्यांत खुपू लागलं. सगळ्या रकान्यांत खरीखुरी गावं आणि मध्येच हे. अण्णा म्हणतील, रजिस्टर बरोबर नाही. जीप गेली! मी पेन्सिल घेतली आणि "यहीं"च्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, "छपरा." सुंदर लिहिलं. आणि शांत झोपले.

रजिस्टर शहरातल्या पक्षाच्या ऑफिसात गेलं. तिथे जो कुणी टाइप करायला बसला होता तो आम्हाला ओळखत नव्हता. त्यानं शाईचं तेवढं टाइप केलं, पेन्सिल धरलीच नाही, आणि गावं बघून खुणा केल्या. आठवड्यानं सकाळी उठून बघतो तर अकरा दारांवर विटकरी कागद. बाहेरवाल्यांनी रविवारपर्यंत क्वार्टर सोडावं, ते या मातीच्या लेकरांना देण्यात येईल. नांदेड, लातूर, बीड, सगळे. आमच्या सोळा नंबरावर सर्वांत नीट चिकटवलेला, चारी कोपऱ्यांना खळ लावून. आणि सतरा नंबरचं दार कोरं.

आधी तर आम्ही हसलोच. देशमुख काकू पोट धरून म्हणाल्या, "अगं बाई, आपणच का ते?" अप्पा म्हणाले, काहीतरी घोटाळा झालाय, अण्णांना सांगितलं की होईल. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आठच्या शिट्टीला गेले. मीही मागोमाग गेले. अण्णांनी नावं वाचली. जाधव साब आलं नाही. अप्पा थांबले, कदाचित शेवटी घेतील. शेवटही झाला. चहा वाटला गेला आणि कुणीतरी सवयीनं अप्पांच्या हातात कप दिला, तो त्यांनी न पिता बाकावर ठेवला. अण्णा खाली बघत म्हणाले, "ऊपर से लिस्ट आई जाधव साब. मेरे हाथ में क्या है जी?" घरी येताना अप्पा माझ्या चार पावलं पुढे चालत होते. मला पहिल्यांदाच भीती वाटली. मी इतक्या सुंदर अक्षरात आमचं घर लिहून दिलं होतं.

रविवारी मिरवणूक आली. ढोल, ताशे, जीप, माइक, आणि विटकरी रुमालांत आमचीच माणसं. विंचवाला घाबरणारा नरसिंग, आईकडून दर संक्रांतीला तिळगूळ नेणारा वेल्डर मल्लेश, सगळे. ढोल इतका छान वाजत होता की माझा पाय आपोआप ठेका धरत होता आणि मी तो दुसऱ्या पायानं दाबत होते. आईनं ट्रंक बांधून ठेवली होती, पण न्यायची कुठे? पिंपळगावला? तिथे आम्हाला कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. जीप सोळा नंबरासमोर थांबली. अण्णा ऑफिसातून परत आलेलं माझं रजिस्टर घेऊन उतरले.

तेव्हा सतरा नंबरातून चाचा बाहेर आले, पाठीवर खाट घेऊन, मागोमाग उशी घेऊन मुन्नी. गुडघ्यामुळे हळूहळू आले, सगळे बघत राहिले. खाट आमच्या दारात आडवी टाकली, वर बसले, आणि म्हणाले, "का हो यादगिरी भाई, हम बाहरवाले हैं?"

अण्णा गडबडले. "नै चाचा, तुम्हारा नाम नै है."

"काहे नहीं है? रजिस्टर देखो. हमरा गाँव का लिखा है?"

अण्णांनी रजिस्टर उघडलं आणि त्यांचं बोट सतराव्या ओळीवर थांबलं. मी बाजूलाच उभी होते. शाईचं "यहीं" आणि त्याखाली माझं पेन्सिलीचं, टुमदार "छपरा." अण्णांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग अंगठा त्या अक्षरांखाली सरकवला. ढोल चालूच होता. मी बोट जिभेवर ओलं केलं आणि त्या अक्षरांवर घासलं, एकदा, दोनदा, कागद फाटेपर्यंत. राखाडी डाग पडला. अण्णांनी चाचांकडे बघितलं, मग अप्पांकडे. वीस वर्षं त्यांनी या दोघांना एकाच ओगराळ्यानं डाळ वाढली होती. मग माइकमध्ये त्यांनी वाचलं, "सत्रह नंबर. असली गाँव. यहीं."

"सुना सबने?" चाचा म्हणाले. "हमरा गाँव यही है. और ई जाधव हमरे गाँव के आदमी हैं. देशमुख भी. ग्यारहों घर हमरे गाँव के हैं. अब बोलो, गाँववालों को गाँव से कौन निकालेगा?"

कुठूनतरी कुणीतरी फिसकन हसलं. मल्लेश असावा. मग नरसिंग. मग ढोलवाल्याचा ठेका चुकला आणि ढोल चुकला की मिरवणुकीत काही राम उरत नाही. चाचींनी दारातून हाक मारली की पराठे गार व्हायलेत, आणि अर्ध्याअधिक मातीच्या लेकरांनी विटकरी रुमालाला हात पुसत ते खाल्ले. जीप रिकामीच वळली. माझं तिच्यावर बसायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

पक्ष काही संपला नाही. दुसऱ्या वस्त्यांत कुणी खाट टाकायला नव्हतं, तिथून लोक गेले, आणि शिट्टीवाले पुढे निवडूनही आले. फॅक्टरीचं गेट उघडलं ते पाडायलाच. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी आठला शिट्टी वाजली तेव्हा अप्पा सवयीनं उठून दारापर्यंत गेले होते. आई डबा घेऊन उभीच होती. ते पायरीवर बसले, आणि आठ वाजताच डबा उघडून निम्मा चाचांसमोर ठेवला. पुढे दोघांनी मिळून पंखे दुरुस्तीचं दुकान काढलं, त्याची हकीकत वेगळी.

पेन्सिलीचं मी कुणाला सांगितलं नाही. अप्पांना नाही, आईला नाही. अण्णा गेले, चाचाही गेले. इतकी वर्षं मी समजत होते की ते मला एकटीलाच ठाऊक आहे. मागच्या महिन्यात मुन्नी आली, रेल्वेतून रिटायर झाली आता, केस सगळे पांढरे, हसणं मात्र तेच. पेन्शनचा फॉर्म माझ्यासमोर टाकून म्हणाली, "भर दे, तेरा अक्षर अच्छा है." मी भरत गेले. नाव, वडिलांचं नाव, हुद्दा. मग रकाना आला, मूळ गाव. माझा हात थांबला. मुन्नीनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आपल्या पर्समधून पेन काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"इससे लिख," ती म्हणाली. "पेन्सिल से नहीं."

आणि दोघीही इतक्या हसलो, इतक्या हसलो, की मला डोळे पुसायला उठावं लागलं. मग मी बसले आणि शाईनं लिहिलं, "यहीं."